मॅनेजर नवा, प्रतीक्षा जुनीच

३१ मे २०२३. टोरंटो मेपल लीफ्सनं ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांना जनरल मॅनेजर नेमलं आणि आमच्या घरात चर्चा पेटली. खेळाडू आणायचे, सोडायचे, पगाराच्या मर्यादेत संघ बसवायचा, हे सगळं त्याच खुर्चीचं काम.

लेक चिडलेला. "बाबा, १९ वर्षांनी प्लेऑफची एक फेरी जिंकलो आणि लगेच काइल डुबसला जाऊ दिलं?" शेजारचे कनेडियन आजोबा मात्र खूश. म्हणाले, कॅल्गरीत नऊ वर्षं मुरलेला माणूस आहे! त्यांनी १९६७चा स्टॅनली कप पाहिलाय. त्यानंतर लीफ्सकडे एकही नाही.

मी क्रिकेटवर वाढलेला. लेकाला म्हटलं, "आम्हीही १९८३ नंतर वानखेडेपर्यंत थांबलोच की."

तो म्हणाला, "तुमची २८ वर्षं. आमची ५६ झाली, बाबा."

'आमची' म्हणाला. मी गप्पच झालो.