यंत्रमानव अडला, तर आधी वीजपुरवठा तपासा

छत्तीसगडमधील भिलाईची ओळख पोलादनगरी अशी आहे. १९५९ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्थाही सुरू झाली. अशा शहरातील हौशी विद्यार्थ्यांना यंत्रमानव बनवताना एक अडचण हमखास येते. मोटर फिरू लागताच नियंत्रक बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्यात रात्री जातात. प्रत्यक्षात तो बहुधा वीजपुरवठ्यात असतो.

स्थिर मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. समजा, बॅटरी ७.४ व्होल्टची आहे आणि बॅटरी, तारा व जोड यांचा एकूण रोध ०.३ ओहम आहे. मोटरींनी ६ अँपिअर प्रवाह घेतल्यास ओहमच्या नियमानुसार १.८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि ५.६ व्होल्ट उरतात. प्रचलित ७८०५ नियामकाला ५ व्होल्ट पुरवण्यासाठी मात्र सुमारे ७ व्होल्ट लागतात. साहजिकच नियंत्रकाचा पुरवठा खंडित होतो.

चाके अधांतरी ठेवून केलेले मापन फसवे असते. यंत्रमानव जमिनीवर ठेवून, मोटरींवर भार असताना व्होल्टेज मोजावे. प्रथम बॅटरीच्या टोकांवर, नंतर नियामकाच्या प्रवेशाशी. बॅटरीपाशीच मोठी घट दिसल्यास बॅटरी अपुरी आहे. तेथे व्होल्टेज ठीक, पण नियामकापाशी कमी असल्यास तार, स्विच किंवा सैल जोड दोषी समजावा. सुरुवातीची घट अत्यंत क्षणिक असल्यास साध्या मल्टीमीटरवर ती दिसतेच असे नाही.

उपाय सोपे आहेत. मोटरींच्या तारा जाड व आखूड ठेवाव्यात. नियंत्रकासाठी स्वतंत्र बॅटरी वापरता येते. मात्र सामान्य जोडणीत दोन्हींचे ऋण टोक एकत्र जोडावे, अन्यथा मोटरचालकाला संकेत नीट मिळत नाहीत.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नये. लिथियम बॅटरीत शॉर्टसर्किट झाल्यास आग लागू शकते. म्हणून धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा आणि जोडणी बदलण्यापूर्वी बॅटरी काढावी. फ्यूज वारंवार जात असल्यास मोठा फ्यूज बसवणे हा उपाय नव्हे. आधी कारण शोधावे.