गुरुवारचें पान

गेल्या माघांत एका सकाळीं फोन वाजला आणि पलीकडून एक अपरिचित आवाज म्हणाला, "बाबा काल रात्रीं गेले. त्यांच्या वहींत आपला नंबर होता." बाबा म्हणजे माझा शाळेंतला सोबती. आठवीचें एक वर्ष व नववीचे कांहीं महिने आम्ही एका बाकावर बसलों, एवढाच काय तो आमचा सहवास. पुढील पन्नासाहून अधिक वर्षांत आमची गांठ फार तर पांच-सहा वेळां पडली असेल. तरी फोन खालीं ठेवल्यावर मला बराच वेळ उठवेना, आणि घरांतल्यांना वाटलें, कोणी सख्खा नातलग गेला. त्याचें नांव मी येथें देत नाहीं. छापलेलें नांव पाहून तो संकोचला असता. शिवाय पुढें जें सांगावयाचें आहे त्यांत मोठेपणा त्याचा आणि लाज आमच्या घरची आहे.

आमचें गांव धाराशिव. शाळेच्या पाटीवर तेव्हां 'उस्मानाबाद' होतें, कारण शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचें नांव गांवाला दिलेलें होतें. पण घरांत, देवळांत आणि पंचांगाच्या कोऱ्या पानांवरील हिशेबांत आम्ही धाराशिवच म्हणत असूं. २०२३ सालीं सरकारनेंहि तेंच नांव पुन्हां घेतलें. तो मात्र येथला नव्हे. तो सास्तूरकडच्या एका खेड्यांतला. वडील भिक्षुक, जमीन थोडी आणि तीहि कोरडवाहू. सातवीपर्यंत गांवीं शिकून तो १९७१ च्या जून महिन्यांत येथें आला, तो एक पत्र्याची पेटी, एक तांब्या आणि वडिलांनीं तोंडपाठ करून घेतलेली रूपावली एवढें सामान घेऊन. राहण्यास एका देवळाची ओवरी मिळाली, आणि जेवणासाठीं त्यानें वार लावले.

वार लावणें म्हणजे काय, हें आजच्या घरांतल्या लहान मुलांना वडीलधाऱ्यांनीं सांगावें लागेल. गरीब विद्यार्थ्यानें आठवड्यांतील एकेका वारीं एकेका घरीं जेवावें, आणि त्या घरानें त्या दिवशीं पंगतींत एक पान अधिक मांडावें, अशी ती रीत होती. वारांवर व माधुकरीवर किती पिढ्या शिकल्या याची गणती नाहीं. पुण्यास अशा मुलांसाठीं १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें. परंतु आमच्यासारख्या आडबाजूच्या गांवीं ही चाल पुष्कळ मागाहूनहि रेंगाळत राहिली होती. त्याला पांच घरें मिळालीं. उरलेल्या दोन दिवसांपैकीं मंगळवार तुळजापूरच्या देवीचा आणि शनिवार मारुतीचा. "ज्या वारीं घर नाहीं, तो वार देवाचा," असें तो हंसत सांगे. आमच्याकडे गुरुवार होता.

आमचें घर सोळा माणसांचें. गुरुवारीं पुरुषांच्या पंगतींत शेवटचें पान त्याचें, आणि त्याच्या शेजारीं माझें. तो खालीं मान घालून, फार न बोलतां, पण नीट जेवी. ताट घासून विहिरीच्या कट्ट्यावर पालथें घाली आणि आईला "काकू, येतों" म्हणून निघे. आजीला त्याचे उच्चार आवडत. तिच्या आग्रहावरून तो जेवणापूर्वीं एखादा श्लोक म्हणे, आणि माझे काका म्हणत, "बघा, नाहीं तर आमचा हा!" हा म्हणजे मी.

संस्कृतांत त्याची बुद्धि खरोखरच अलौकिक होती. मी पुढें पस्तीसांहून अधिक वर्षें शिक्षकी केली, तेव्हां हा शब्द मी सैलपणें वापरीत नाहीं. अमरकोशाचे वर्गच्या वर्ग तो शाळेच्या वाटेनें चालतांना म्हणे. एकदां त्यानें गुरुजींना विचारलें कीं, 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' पुल्लिंगी, तर एकाच बायकोला तीन लिंगें कां? वर्ग हंसला; गुरुजीहि हंसले, आणि मग पाऊण तास त्याच प्रश्नावर बोलत राहिले. मॅट्रिकला संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति हा मुलगा आमच्या शाळेंत आणील, असें ते उघड म्हणत. मला त्याचा हेवा वाटे. पण हेव्यापेक्षां त्याच्या शेजारीं बसण्याचा अभिमानच अधिक होता. १९७२ च्या श्रावणांत मीं त्याला माझ्या आजोबांची, डॉ. भांडारकरांची 'मार्गोपदेशिका' वाचावयास दिली. तें पुस्तक इंग्रजींत आहे. "बरें झालें," तो म्हणाला, "एका पुस्तकांत दोन भाषा होतील."

त्या श्रावणांत पाऊस नव्हता. आधींचीं दोन वर्षेंहि यथातथाच गेलीं होतीं. तिसऱ्या वर्षीं मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि भाद्रपदांत लोक आभाळाकडे पाहीनासे झाले. त्याच सुमारास वर्गांत नित्य बहुवचनी शब्द चालले होते: दाराः, आपः, सिकताः, वर्षाः. तो माझ्या कानाशीं म्हणाला, "आपः आणि वर्षाः हीं दोन्हीं सदा बहुवचनी, यंदा त्यांना एकवचनहि मिळालें नाहीं. सिकता तेवढी बहुवचनांत उरली." भोगावतीच्या पात्रांत तेव्हां खरोखरच वाळूवांचून दुसरें कांहीं नव्हतें. दुष्काळाचें इतकें नेमकें वर्णन मीं पुढें कोणत्याहि अहवालांत वाचलें नाहीं.

पुढचा भाग मला लवकर संपवावासा वाटतो. पण तो टाळला तर हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं.

दसरा झाल्यावर एके रात्रीं आमच्या माजघरांत वडील मंडळींची बैठक झाली. पेवांत जोंधळा होता. तो दोन वर्षें पुरवावयाचा असें ठरलें, आणि त्या ओघांत गुरुवारचें पान बंद करावें असेंहि ठरलें. या निर्णयास मी क्रूरपणा म्हणणार नाहीं. सोळा तोंडांची जबाबदारी असलेल्या माणसांची ती भीति होती. परंतु त्या वर्षीं आमच्या घरांत कोणी एक वेळहि उपाशी राहिलें नाहीं, हेंहि मला लिहिलें पाहिजे. आई कांहीं बोलली नाहीं. सुनांनीं बोलण्याची ती जागा नव्हती. एकत्र कुटुंबांत निर्णय सर्वांचा असतो, आणि तो सांगावयास मात्र सर्वांत लहान माणूस पाठवितात. "तुझा सोबती आहे, तूंच सांग," असें मला सांगण्यांत आलें.

मीं त्याला बुधवारीं शाळेच्या पायऱ्यांवर गांठलें. काय शब्द वापरले तें आठवत नाहीं. कांहीं तरी पाहुणे येणार आहेत असें खोटें बोललों असें वाटतें. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "बरें. गुरुवार दत्ताचा."

त्याचे दुसरेहि दोन वार त्याच महिन्यांत सुटले. दिवाळीच्या सुटींत तो गांवीं गेला, तो परत आला नाहीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें होतीं; त्यांत तो एक. बापलेक रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होते, तेथें मिळणारी सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी यांवर घर चाललें होतें, असें मला त्याच्याच गांवच्या एका माणसाकडून कळलें. मीं पत्र लिहिलें नाहीं. १९७५ सालीं अकरावीच्या जुन्या मॅट्रिकचा शेवटचा मोठा वर्ग बाहेर पडला, त्यांत मी होतों. शाळेंत संस्कृताचें पहिलें बक्षीस मला मिळालें. घरांत पेढे वांटले. शंकरशेट शिष्यवृत्तीच्या जवळपासहि माझे गुण नव्हते, आणि गुरुजींनीं बक्षीस देतांना माझ्याकडे नीट पाहिलें नाहीं, असें मला वाटलें. कदाचित् तो माझ्या मनाचाच खेळ असेल.

त्यानंतर आमची भेट झाली ती वीस वर्षांनीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरत असतां, पहांटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी व सास्तूर या भागांतील घरें दगडमातीचीं. हात-दोन हात जाडीच्या भिंती, मातींतच रचलेले दगड, आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत जें घर गारवा देई तेंच निजलेल्या माणसांवर कोसळलें. लातूर व धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं. आम्हां शिक्षकांना याद्या करण्याच्या कामावर तिकडे धाडलें. मी पोहोंचलों तेव्हां पाऊस लागलेला होता आणि हवेंत जो वास होता त्याचें वर्णन मी करणार नाहीं.

पत्र्याच्या एका निवाऱ्याखालीं सार्वजनिक स्वयंपाक चालला होता. तेथें गुडघ्यापर्यंत चिखलानें माखलेला एक माणूस भाताच्या घमेल्यांतून वाढीत होता. त्यानेंच मला ओळखलें. त्याची आई आणि सात वर्षांची मुलगी त्या रात्रीं घरांत होत्या. बायको तान्ह्या मुलाला घेऊन माहेरीं गेलेली, आणि हा विसर्जनाहून उशिरां आल्यामुळें दार न वाजवितां अंगणांतच पडला, म्हणून हीं तिघें उरलीं. हें सारें त्यानें चार वाक्यांत सांगितलें. मग विचारलें,

"केव्हां निघालास?"

"पहांटे."

"मग जेवून जा. गुरुवार आहे."

खरोखरच गुरुवार होता. भूकंपहि गुरुवारींच झाला होता, त्याला त्या दिवशीं आठवडा पुरा होत होता. तो वार त्यानें सहज उच्चारला, कीं एकवीस वर्षें मनांत ठेवलेला उच्चारला, हें मी त्याच्या चेहऱ्यावर शोधीत राहिलों. पण तोंवर तो दुसऱ्याच्या पानाकडे वळला होता. मी एका पोत्यावर बसून जेवलों. शंभर पावलांवर चिता जळत असतां आमच्या पेवांतल्या जोंधळ्याची गोष्ट काढण्याची ती जागा नव्हती, असें मीं मनाशीं म्हटलें. हें खरें होतें, आणि सोयीचेंहि होतें. कारण पुढें ज्या चार-पांच भेटी झाल्या त्यांतहि मीं ती काढली नाहीं.

तो शेवटपर्यंत शेती आणि थोडी भिक्षुकी करीत होता. संध्याकाळीं कोणाचींहि मुलें आलीं तरी त्यांना तो संस्कृत शिकवी. पैसे घेत नसे. भूकंपानंतर जीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं त्यांतल्याच एकांत त्याचें घर आहे. सरळ रस्ते, सुटीं सुटीं घरें, जुन्या गांवांतल्यासारखी बोळ कोठें नाहीं. तेराव्याला मी तेथें गेलों. फोन करणारा मुलगा, म्हणजे त्या वेळचें तान्हें मूल, पुढें आला आणि माझें नांव ऐकतांच म्हणाला, "आपण गुरुवारचे ना? बाबा नेहमीं सांगत. गुरुवारीं काकू दोनदां तूप वाढीत."

आई त्याला दोनदां तूप वाढी, हें मला ठाऊक नव्हतें. मी माझ्या पानाकडे पाहत असेन.

मग मीं त्या मुलाला बुधवारची, शाळेच्या पायऱ्यांवरची हकीकत सांगितली. कांहीं न वगळतां. तो थोडा वेळ गप्प राहिला. "हें बाबांनीं कधीं सांगितलें नाहीं," एवढेंच तो म्हणाला, आणि आंत जाऊन फळीवरून एक पुस्तक घेऊन आला. बांधणी सुटलेली, पानांच्या कडांना वाळलेल्या मातीचा तांबूस डाग, ढिगाऱ्यांतून काढलेलें. पहिल्या पानावर माझ्या आजोबांची सही होती. आंत प्रत्येक पाठाच्या शेवटीं पेन्सिलीनें तारीख घातलेली. पहिले दहा पाठ १९७२ च्या श्रावण-भाद्रपदांतले. मग सात महिन्यांचा खंड. त्यानंतर १९७३ च्या मे महिन्यापासून, म्हणजे खडीच्या कामावर असतांनाच, पुन्हां एकेक पाठ. कधीं महिन्याला एक, कधीं तीन महिन्यांनीं एक. शेवटच्या पाठाखालीं १४ मे १९७६ ही तारीख होती, आणि एकहि पाठ सोडलेला नव्हता.

"हें आपलें आहे," मुलगा म्हणाला, "घेऊन जा."

मीं तें पुस्तक त्याच्या हातांतून घेतलें, आणि परत फळीवर होतें तेथें ठेवून दिलें.