झाडावरचा बहार आणि कागदावरचा संघ

नागपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्ह्याचा हा मराठी कोपरा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून तेथील घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा दुहेरी संसार चालू आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या मुलखाची खरी ओळख मात्र कचेरीच्या फलकावर नसून संत्र्याच्या बागांत आहे. काटोल, नरखेड, वरुड येथून निघालेला संत्र्याचा पट्टा राज्याची सीमा न जुमानता थेट येथवर आला आहे. याच मातीत माणूस जोखीम कशी मोजतो आणि मोल कसे ठरवतो याचा एक जुना पाठ दरवर्षी गिरवला जातो. सध्या देशभर चर्चेत असलेल्या एका नव्या खेळाचा विचार करताना हा जुना पाठ पुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

संत्र्याचे बहार दोन. अंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येतात. मृगाचा बहार पावसाच्या तोंडावर फुलतो आणि त्याची फळे शिमग्याच्या सुमारास बाजारात जातात. फळ अजून हिरवे असतानाच व्यापारी बागेत शिरतो. चार ओळींतील झाडे निवडतो, त्यांवरची फळे नजरेने मोजतो, बुंध्याला डिंक्या लागला आहे काय ते पाहतो, पानावर कोळशीचा काळा थर आहे काय ते पाहतो, जमिनीवर गळालेली फळे पायाने बाजूस सारून फळगळीचा अंदाज घेतो. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते, झाडाला बहारासाठी ताण किती दिवस दिला होता, हेही विचारतो. मग साऱ्या बागेचा एक उक्ता आकडा सांगतो. घासाघीस होते, इसार दिला जातो, आणि त्या क्षणी झाडावरच्या फळाचा धनी बदलतो. पुढे गारा पडल्या, भाव कोसळला, किंवा बांगलादेशाने अलीकडच्या काही वर्षांत केले तसे संत्र्यावरील आयातशुल्क वाढवले, तर तो घाव सौद्याप्रमाणे व्यापाऱ्यावर पडावयाचा असतो. बागायतदाराने संभाव्य अधिक नफ्याचा मोह सोडला, त्याच्या बदल्यात निश्चिंती घेतली. व्यापाऱ्याने निश्चिंती सोडली आणि नफ्याची आशा घेतली.

आपल्या किनारपट्टीच्या वाचकांना हा व्यवहार नवा नाही. हापूसची कलमे मोहोर येण्याआधीच कराराने घेण्याची वहिवाट रत्नागिरी-देवगडकडे रूढ आहे. ढगाळ हवेने मोहोर करपेल, फुलकिडे पडतील, हे ठाऊक असूनही घेणारा घेतो आणि देणारा देतो. डोळस जोखीम ही शेतीव्यवहाराची सावत्र बहीण नव्हे, सख्खी बहीण आहे.

आता नव्या खेळाकडे वळू. अमेरिकेत १९६२ साली ओकलँडच्या फुटबॉल संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकनबाक यांनी काही पत्रकार-मित्रांसह एक कल्पना काढली, आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये तिचा पहिला डाव मांडला. हा फुटबॉल अमेरिकेचा, म्हणजे चेंडू हातांनी वाहून नेण्याचा. प्रत्येकाने खऱ्या संघांतील खेळाडू पाळीपाळीने निवडून आपला एक कागदी संघ करावयाचा, आणि ते खेळाडू मैदानावर जे करतील त्यावरून गुण मोजावयाचे. पहिल्या फेरीत ज्याची पाळी शेवटची, त्याला दुसऱ्या फेरीत पहिली, असा निवडीचा न्याय पुढे रूढ झाला. आपल्या परिचयाच्या फुटबॉलमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा असाच खेळ २००२ च्या हंगामापासून चालत आला आहे. त्यात ठरीव रकमेत पंधरा खेळाडू घ्यावयाचे आणि एका क्लबचे तिघांहून अधिक घ्यावयाचे नाहीत असा दंडक आहे. मडगाव-म्हापशाच्या कॉलेजांतील किती तरी मुलांना हे नियम पाठ्यपुस्तकाहून अधिक पाठ असतील.

या निवडीत बुद्धीचे काम नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवशिका उत्तम खेळाडू कोण एवढेच विचारतो. जाणकार विचारतो की, हा खेळाडू मी सोडला तर त्याच जागेसाठी पुढच्या पाळीत मला कोण मिळेल, आणि या दोघांत अंतर किती? दहा चांगले गोलरक्षक उपलब्ध असतील तर पहिल्यावर पाळी खर्चण्यात शहाणपण नाही. खात्रीने गोल करणारे आघाडीचे खेळाडू तीनच असतील तर मात्र थांबणे महागात पडते. मोल गुणाचे नसते, दुर्मीळपणाचे असते. जोखमीचेही तसेच. जायबंदी होण्याचा इतिहास असलेला, वय उतरू लागलेला किंवा नव्या प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असलेला खेळाडू पहिल्या पाळीत घेणे हा अविचार होय. तोच शेवटच्या पाळीत घेणे हा विचार होय, कारण तेथे गमावण्यासारखे थोडे आणि मिळण्यासारखे पुष्कळ असते. सौंसरचा व्यापारी हेच करतो. जुन्या, भरवशाच्या बागेला तो चढा भाव देतो, नवख्या बागेला पाडून मागतो, आणि सगळ्या बागा एकाच शिवारात घेत नाही, कारण गारपीट शिवार पाहून पडत नसली तरी एका शिवारावर पडली की सगळ्या शिवारावर पडते.

खऱ्या मैदानावरही ही मोजदाद चुकते हे आपण पाहिले आहे. १० जुलै २०१५ रोजी इंडियन सुपर लीगच्या लिलावात सुनील छेत्री यांना मुंबईने १ कोटी २० लाखांना आणि युजेन्सन लिंगडोह यांना पुण्याने १ कोटी ५ लाखांना घेतले. २०१७ च्या निवडीत लिंगडोह आणि अनस एडाथोडिका हे दोघे १ कोटी १० लाखांचे, म्हणजे सर्वांत महागडे खेळाडू ठरले. लिंगडोह कोलकात्याच्या संघात गेले आणि दुखापतीमुळे त्या हंगामातील बहुतेक सामन्यांना मुकले. निवड करणारे अज्ञ नव्हते. त्यांच्यापाशी वैद्य होते, प्रशिक्षक होते, आकडे होते. तरीही गुडघा हा आकड्यांचे ऐकत नाही.

येथवर बाग आणि कागदी संघ यांचे साम्य झाले. आता भेद पाहू, कारण खरा प्रश्न तेथेच आहे.

पहिला भेद असा की, बागेच्या सौद्यात शेवटी संत्रे पिकते. व्यापाऱ्याचा अंदाज बरोबर येवो वा चुको, फळ बाजारात जाते, मजुराला तोडणीची मजुरी मिळते, कोणाच्या तरी घरी ते खाल्ले जाते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या कागदी संघांच्या खेळात सर्वांनी मिळून घातलेल्या रकमेतून चालक कंपनी आपला वाटा आधी काढून घेते आणि उरलेले वाटले जाते. म्हणजे सर्व खेळणाऱ्यांना मिळून जे परत मिळते ते त्यांनी घातलेल्यापेक्षा नेहमी कमीच असणार. एक जिंकतो हे खरे, पण सगळे मिळून हरतात हे अधिक खरे. या साध्या बेरीज-वजाबाकीला कोणतेही कौशल्य हरवू शकत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे कौशल्य आणि नशीब या भेदाने पाहिले. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यापासून हा निकष चालत आला. २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळ जुगारात न धरता कौशल्यात धरला. सरकारनेही १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळणाऱ्यांच्या पूर्ण भरण्यावर २८ टक्के कर बसवला, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने कायदा करून पैशाचा हा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालवण्यास मनाई केली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी लागलीच पैशाचे डाव बंद केले, आणि कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. ज्या हाताने कर घेतला त्याच हाताने मनाई करावी, यात सरकारची दूरदृष्टी दिसते असे कोणी म्हणणार नाही. तरी मनाईचा हेतू आम्हांस चुकीचा वाटत नाही. मित्रांनी चहाच्या पैजेवर संघ मांडणे निराळे आणि पगार झाल्याच्या रात्री मुलाने तो मोबाइलवर ओतणे निराळे.

दुसरा भेद याहून खोल आहे. जोखीम कोणाच्या अंगावर, हा तो भेद. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत बफेलो संघाचा डमार हॅमलिन हा चोवीस वर्षांचा खेळाडू एका टकरीनंतर मैदानावर कोसळला आणि त्याचे हृदय बंद पडले. त्याच्यावर मैदानातच उपचार झाले आणि सुदैवाने तो वाचला, पुढे खेळलाही. तो आठवडा नेमका बहुसंख्य कागदी स्पर्धांच्या अंतिम फेरीचा होता. सामना थांबला, पुढे रद्द झाला, आणि लाखो लोकांपुढे प्रश्न आला की आता आपल्या गुणांचे काय? हा प्रश्न मनात येणारे सगळे दुष्ट नव्हते. माणसाचे शरीर आकड्याच्या रूपात पाहण्याची सवय लागली की असे प्रश्न आपोआप मनात येतात, एवढेच. संत्र्याच्या व्यापाऱ्याने झाडाकडे आकडा म्हणून पाहिले तर झाडाचे काही बिघडत नाही. माणसाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

आणि येथे पुन्हा पांढुर्ण्याकडेच यावे लागते. ऑगस्ट २०२५ च्या ज्या आठवड्यात संसदेने हा कायदा संमत केला, त्याच आठवड्यात पोळा होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार झाली. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा काढणाऱ्यावर समोरून गोट्यांचा मारा होतो, आणि अखेरीस तो झेंडा चंडीमातेच्या चरणी वाहतात. एका गावच्या मुलाने दुसऱ्या गावची मुलगी पळवून नेली, अशी तिची दंतकथा. दरसाल शेकडो माणसे जखमी होतात. १९५५ पासून डझनभराहून अधिक माणसे दगावल्याचे वृत्तपत्रांत येत आले आहे. प्रशासनाने मध्ये रबरी चेंडू वाटून पाहिले, पण लोकांनी ते बाजूस सारून गोटेच उचलले.

गंमत अशी की, आपल्या बागेचा बहार विकताना गारांची, डिंक्याची, भावाची काटेकोर मोजदाद करणारा हाच माणूस त्या दिवशी आपल्या डोळ्याची आणि कपाळाची मोजदाद करीत नाही. याला अडाणीपणा म्हणून हिणवण्याचा अधिकार आम्हांस नाही. धिर्योंवर उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली तरी आमच्या गोव्यात पहाटेच्या अंधारात त्या होतच राहिल्या, आणि तेथे तर अंगावर जोखीम घेणाऱ्या बैलाला कोणी विचारलेही नाही. गोटमारीतला माणूस निदान आपलेच डोके पुढे करतो. मात्र मागे घरी बसलेल्या म्हातारीचे आणि लेकरांचे मत कोणी विचारत नाही, आणि जोखमीचा हिशेब तेथेच कच्चा राहतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की जोखीम मोजण्याची कला वाईट नाही, पण ती मोजताना तीन प्रश्न चुकवता येत नाहीत. घाव कोणाच्या अंगावर? लाभ कोणाच्या पदरात? आणि ज्याच्या अंगावर घाव, त्याची संमती आहे काय? बागेचा सौदा या कसोटीस उतरतो, पण तो लेखी असेल तरच. तोंडी सौद्यात भाव पडला की इसारावर पाणी सोडून निघून जाणारा व्यापारी जोखीम स्वतःकडे घेत नाही, ती परत बागायतदाराच्या गळ्यात टाकतो. सरकारला खरोखरच लोकांची जोखीम हलकी करावयाची असेल तर मनाईच्या कायद्याबरोबरच अशा सौद्यांची नोंद आणि वेळेवर मिळणारा फळपीक विमा यांकडेही तेवढ्याच तातडीने पाहावे. मैदानावरच्या खेळाडूच्या गुडघ्याचा विमा ही क्लबची मेहेरबानी न राहता कराराची अट व्हावी.

आमच्या तरुण वाचकांना आम्ही कागदी संघ मांडू नका असे सांगणार नाही. खुशाल मांडा, दुर्मीळ कोण आणि सुलभ कोण हे ओळखायला शिका. ही विद्या उद्या कलमे कराराने घेताना, घर बांधताना, नोकरी सोडताना उपयोगी पडेल. फक्त यादीतील नावापुढे आकडा लिहिताना तेथे एक माणूस धावतो आहे, आणि त्याच्या गुडघ्याला आपल्याच गुडघ्याइतके दुखते, याचे भान सुटू देऊ नका.