टोचणी आणि विकार
घरची माणसे निजल्यावर पांघरुणाआड अश्लील चित्रफिती पाहून पहाटे मोबाईलमधला त्यांचा मागमूस पुसताना ज्याला स्वतःची शिसारी येते, तो गृहस्थ ‘मी व्यसनी झालो’ म्हणतो, तेव्हा तो कबुलीजबाब तसाच दाखल करून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाची गणना व्यसनांत नसून आवेगनियंत्रणाच्या विकारांत आहे. सहा महिने वा अधिक काळ आवेग न आवरणे आणि त्यापायी संसार, नोकरी, प्रकृती यांची हेळसांड होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत, केवळ नैतिक टोचणी निदानास पुरेशी नाही. हा खुलासा मला फार मोलाचा वाटतो. कारण एकाकीपणा वा चिंता विसरण्यासाठी ज्याने हा मार्ग धरला, त्याची लाजच पुष्कळदा नवे दुःख होऊन त्याला पुन्हा पडद्याकडे लोटते.