श्वासाची सूत्रे कोणाकडे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

विश्रांती घेणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे दिवसाकाठी वीस-पंचवीस हजार. हे काम फुप्फुसे आपली आपण करतात, हा सर्वांत पसरलेला समज. तो बहुधा हृदयावरून आला असावा. हृदयाला स्वतःची लय असते. शरीराबाहेर काढले तरी ते काही काळ धडधडते. फुप्फुसांना मात्र ना लय असते ना बळ. त्यांना ताणतात ते श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू, आणि मेंदूकडून संदेश आल्याशिवाय तेही हलत नाहीत. म्हणूनच मानेत वरच्या बाजूला मज्जारज्जू तुटला, तर फुप्फुसे ठणठणीत असूनही श्वास थांबतो.

हा संदेश मस्तिष्कपुच्छातून, म्हणजे मेंदूच्या मज्जारज्जूला जोडलेल्या टोकातून निघतो, हे लगाल्वा या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच सशांवरील प्रयोगांतून दाखवले होते. नेमकी जागा सापडायला १९९१ साल उजाडले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॅक फेल्डमन, जेफ्री स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांचा मेंदूचा देठ द्रवात जिवंत ठेवला आणि त्याचे पातळ काप काढत नेले. एका ठरावीक भागापर्यंत चेतांमधली श्वासाची लय टिकून राहत होती. तो भाग कापला की थांबत होती. मग फक्त तो भाग असलेला, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा काप वेगळा काढला. ना फुप्फुस, ना श्वासपटल, ना उरलेला मेंदू, तरीही काचेच्या भांड्यातल्या त्या कापात लय चालूच होती. या भागाला ‘प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स’ म्हणतात. (त्याच्या शेजारच्या भागाला फेल्डमन यांनी आधीच जर्मनीतल्या एका परिषदेत समोरच्या वाइनच्या बाटलीवरून बॉट्झिंगर हे नाव दिले होते. शास्त्रातली सगळीच नावे गंभीर नसतात.)

दुसरा समज असा, की प्राणवायू कमी पडला की जीव गुदमरतो. श्वास रोखल्यावर जी असह्य ओढ लागते, ती मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच हे मांडले. मस्तिष्कपुच्छातील काही चेतापेशी या वायूमुळे वाढलेली आम्लता ओळखतात आणि श्वासाचा जोर वाढवतात. प्राणवायूवर लक्ष ठेवणारे ग्राहक मानेतल्या रोहिण्यांजवळ असतात, पण प्राणवायू बराच घसरेपर्यंत त्यांचा प्रभाव जाणवत नाही. इथला घोटाळा जिवावर बेततो. विहिरीत किंवा तलावात बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले, तर ‘हवा भरून घेतली’ असे पोहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर जातो. वर येण्याची ओढ वेळेवर लागत नाही आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते.

पाण्याबाहेर मात्र ठरवून श्वास रोखून कोणी मरत नाही. बोलताना, गाताना, पोहताना मोठा मेंदू श्वासाचा ताबा घेतो, पण तो उसना असतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की मस्तिष्कपुच्छ ताबा हिसकावून घेते.

उसासा दुःखाचाच असतो, हा समज तर कवितेनेही पोसला आहे. निरोगी माणूस दर पाच-एक मिनिटांनी, नकळत, नेहमीच्या दुप्पट खोल श्वास घेतो. फुप्फुसातले काही वायुकोश अधूनमधून मिटतात. ते उघडण्यासाठी हा श्वास लागतो. २०१६ मध्ये फेल्डमन आणि स्टॅनफर्डचे मार्क क्रॅस्नो यांच्या गटांनी उंदरांमध्ये उसासा घडवणाऱ्या मोजक्या चेतापेशी शोधल्या. त्यांचे संदेश अडवले, की उसासे थांबत. साधा श्वास मात्र चालू राही.

दीर्घश्वसनाने मन शांत होते ते जास्त प्राणवायूमुळे, असेही सांगितले जाते. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन एरवीही ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. भर घालायला जागाच थोडी. खरा दुवा चेतांचा असावा. २०१७ मध्ये याच प्री-बॉट्झिंगर भागात सुमारे १७५ चेतापेशींचा गट आढळला, जो मेंदूतल्या जागरूकतेच्या केंद्राला संदेश पाठवतो. तो नष्ट केल्यावर उंदरांचा श्वास चालूच राहिला, पण ते विलक्षण शांत झाले. मात्र ही उंदरांची गोष्ट आहे. तिच्या आधारे प्राणायाम सिद्ध झाल्याची द्वाही फिरवणे घाईचे ठरेल.

शेवटचा समज धोक्याचा: झोपेत श्वास बंद पडू लागला, तर जाग येतेच. मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय औषधांचे ग्राहक प्री-बॉट्झिंगरमधल्या पेशींवरही असतात. मात्रा जास्त झाली, की लय मंदावते, कार्बन डायऑक्साइडची हाकही बोथट होते आणि झोपलेला माणूस उठत नाही. अशी वेदनाशामके दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेऊ नयेत आणि डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा स्वतःहून वाढवू नये.