खाजणाच्या बांधावर मुलांची शाळा

गोव्यातील मांडवी नदीत चोडण हे बेट आहे. तेथे भातशेती व खारे पाणी यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. बांधाबाहेर चिखल, कांदळवन, खेकडे आणि निवट्या; आत खाजण शेती. भरतीला पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला ती उघडून आतले पाणी नदीत जाते. बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ सालापासून सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. शिक्षकांना व पालकांना किनाऱ्याचा धडा शिकवायला ही जागा उत्तम.

प्रथम मुलांना झाडे दाखवावीत. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. उन्हात पानांवर त्याचे कण दिसतात. चिखलातून वर आलेली त्याची मुळे हवा घेतात. कांदळाच्या बीला झाडावरच कोंब फुटतो.

मग मोजणी करावी. सुंभाने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखावा: एक बांधाबाहेर, एक आत. त्यातील खेकड्यांची बिळे, गोगलगायी व रोपे मोजून वहीत लिहावीत. तारीख आणि ओहोटीची वेळही लिहावी, कारण भरतीला खेकडे बिळात दडतात. पावसाळ्यात नदीचे पाणी गोडे होते आणि जीवही बदलतात. म्हणून मे महिन्याची तुलना मेशीच करावी, जानेवारीची जानेवारीशी.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय? कोरगूट भात थोडा खारटपणा सोसते, पण तेही पावसाने जमिनीतले मीठ धुतल्यावरच पिकते. बांध फुटला किंवा मानस नादुरुस्त झाली की खारे पाणी शेतात शिरते. भाताच्या जागी तिवराची रोपे दिसू लागली, तर ती धोक्याची खूण समजावी. खेकड्यांची बिळे बांधातच वाढली, तर बांध आतून पोखरला जातो. मुलांच्या वहीत असा बदल दिसल्यास ती कोमुनिदादीला किंवा कूळ संघटनेला दाखवावी. दुरुस्ती पावसाळ्यापूर्वीच झालेली बरी.

काही पथ्ये पाळावीत. बिळात हात घालू नये. पाण्याला ओढ असताना मानशीजवळ उतरू नये. पायात बूट असावेत. जखम असल्यास चिखलात जाऊ नये. घरी आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत.

दरवर्षी नवा वर्ग येईल, पण वही तीच ठेवावी. पाच-सहा वर्षांच्या नोंदी एकत्र वाचल्या, म्हणजे बांधाची अवस्था मुलांनाही सांगता येईल.