सांगोल्याचे आबासाहेब

२०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे नाव जगभरच्या मराठी फोनवर एकदम वाजू लागले. तिथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून केलेले ‘काय झाडी, काय डोंगार’ हे संभाषण आपल्या नोव्हेनातही घरोघरी पोचले. ज्या मुलांना ‘चहा घेणार का?’ एवढेही धड मराठीत विचारता येत नाही, त्यांनाही ते पाठ झाले. आपण हसलो, पुढे पाठवले आणि विसरलो.

याच सांगोल्याने एका माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवले होते. भाई गणपतराव देशमुख. तालुक्यात त्यांना आबासाहेब म्हणत. त्यांची गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण तिच्यात रिसॉर्ट नाही, रातोरात बदललेली बाजू नाही. पण ‘सगळे राजकारणी सारखेच’ हे वाक्य आपण परदेशी बसून फार सहज बोलतो. म्हणून हा लेख.

सांगोला सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, पंढरपूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा माणदेशाचा भाग. सह्याद्री ओलांडताना ढग बहुतेक पाणी पश्चिमेलाच टाकून येतात आणि इथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. ज्वारी, बाजरी, मेंढरे आणि खिलार बैल ही इथली जुनी मिळकत. माणदेश आणि शेजारचे खानापूर-आटपाडी या पट्ट्यातली माणसे दुष्काळाला कंटाळून सोने-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पांगली. गलाई बांधव म्हणतात त्यांना. पोटासाठी गाव सोडण्याची आपली परंपरा सिंगापूरच्या विमानाहून जुनी आहे ती अशी.

गणपतराव कायदा शिकले आणि सांगोल्यात वकिली करू लागले. पक्ष निवडला शेतकरी कामगार पक्ष. लाल बावटा, खटारा ही निशाणी आणि एकमेकांना ‘भाई’ म्हणण्याची रीत असलेला. १९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले. १९६७ ला पुन्हा. १९७२ च्या काँग्रेसच्या लाटेत पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. १९९९ पासून पुन्हा सलग चार वेळा, शेवटचा विजय २०१४ चा. तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. मतदारसंघ तोच, पक्षही तोच.

मंत्रिपद दोनदाच मिळाले : १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर, तोही एका आक्रसत चाललेल्या पक्षाचा आमदार म्हणून. शेकापचे कितीतरी मोठे नेते या काळात काँग्रेसमध्ये गेले आणि सत्तेत बसले. गणपतराव गेले नाहीत. एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख शेवटपर्यंत टिकली.

पण साधेपणाचे कौतुक इथेच थांबवावे लागते, कारण एसटीत बसल्याने शेताला पाणी मिळत नाही. पन्नासहून अधिक वर्षे एकच आमदार असूनही तालुका तहानलेला का राहिला, हा प्रश्न त्यांचे विरोधक विचारत आणि तो गैर नव्हता. सत्ताधारी पक्षात गेले असते तर योजना लवकर आल्या असत्या, असेही पुष्कळांना वाटे.

याचे उत्तर शोधताना मला आपल्या सिंगापूरचीच मदत होते. नोव्हेनाहून थॉमसन रोडने उत्तरेला गेले की काही मिनिटांत मॅकरिची जलाशय लागतो. रविवारी सकाळी आपल्यापैकी अनेक जण तिथे चालायला जातात. सिंगापुरात सांगोल्याच्या चौपटीहून जास्त पाऊस पडतो, तरी १९६३ साली इथे पाण्याचे रेशनिंग करावे लागले होते. जोहोर नदीच्या पाण्याचा करार झाला तो १९६२ मध्ये, म्हणजे गणपतराव पहिल्यांदा आमदार झाले त्याच वर्षी. त्या कराराची मुदत २०६१ पर्यंत आहे. पुढे सांडपाणी शुद्ध करून वापरणारे न्यूवॉटर २००३ मध्ये आले. पाण्याचा प्रश्न पाच वर्षांत सुटत नाही, तो पिढ्यांच्या हिशेबाने सोडवावा लागतो. सिंगापूरकडे त्यासाठी एकाच पक्षाची अखंड सत्ता होती. गणपतरावांकडे सत्ता नव्हती, होते ते फक्त सातत्य.

त्या सातत्याचे त्यांनी काय केले? कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांनी हक्काचे पाणी मागण्यासाठी १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरवली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर गणपतराव या लढ्यात उभे राहिले. मागणी साधी होती. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी नदीकाठच्या उसालाच का? माणदेशाच्या माळावर ते का चढू नये? कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून सातारा, सांगली आणि सोलापूरच्या कोरड्या तालुक्यांकडे नेणारी योजना या रेट्यातून पुढे सरकली. ती रखडत आली. काही शिवारांत पाणी खेळले, काही गावे अजून वाट पाहतात.

पाणी येईपर्यंत जे करता येईल तेही त्यांनी केले. कापूस फारसा न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून ती चालवून दाखवली. शेतकऱ्यांनी थेंबाथेंबावर डाळिंब जगवले. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहूनच, पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे.

इथे खासदार दर आठवड्याला संध्याकाळी इमारतीच्या तळमजल्यावर टेबल टाकून लोकांच्या अडचणी ऐकतात. डेव्हिड मार्शल यांनी १९५५ मध्ये ही पद्धत सुरू केली. आपल्याला तिचे फार अप्रूप वाटते. आबासाहेबांकडे अशा भेटीला वार आणि वेळ नव्हती. अर्ज घेऊन आलेला माणूस भेटल्याशिवाय परत जायचा नाही, हीच तिथली रीत.

२०१९ ला ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत ७६८ मतांनी शहाजीबापूंकडून हरले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेब गेले. करोनाच्या त्या दिवसांत आपल्यापैकी बहुतेकांना स्वतःच्या घरच्या माणसांनाही भेटता येत नव्हते. ती बातमी आली आणि निसटून गेली. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापच्याच तिकिटावर सांगोल्यातून निवडून आले. घराणेशाही म्हणून नाक मुरडायला जागा आहे, जरूर मुरडावे. पण निकाल मतदारांनी दिला आहे आणि पाण्याचा हिशेबही तेच मागतील.

पुढच्या सुट्टीत पंढरपूरला गेलात तर मिरज रस्त्याने थोडे पुढे जाऊन या. फार झाडी नाही, डोंगरही बेताचे. डाळिंबाच्या बागा मात्र दिसतील. मुलांनी विचारले की इथे पाणी कुठून येते, तर उत्तर द्यायला गाडी थोडा वेळ थांबवावी लागेल.